दुधी घरचा, खत शेणाचं, आणि बाबा सलाइनवर

प्रश्नाचे तीन तुकडे आहेत: सजीवांमधली दुय्यम चयापचयी द्रव्यं म्हणजे काय, माणसाला त्यांचे उपयोग कोणते, आणि नैसर्गिक असल्यामुळे ती सुरक्षित असतात का?

पहिले दोन तुकडे कुठल्याही गाइडात सापडतील. मी लिहायला बसले ती तिसऱ्यासाठी. नाही, सुरक्षित नसतात. मे २०१४ मध्ये माझे वडील घरच्या गच्चीवर पिकलेल्या दुधीचा एक ग्लासभर नैसर्गिक रस पिऊन चार दिवस दवाखान्यात होते. ते सांगतेच, पण आधी त्या 'दुय्यम' शब्दावर माझा जुना राग आहे, तो काढू द्या.

सजीव आपल्या अंगात जी द्रव्यं बनवतात, त्यांची प्राथमिक आणि दुय्यम अशी विभागणी १८९१ मध्ये आल्ब्रेख्त कोसेल या जर्मन शास्त्रज्ञानं केली. झाडून सगळ्या जिवंत पेशींत सापडतं ते प्राथमिक. कुठल्या झाडात आहे, कुठल्यात नाही, ते दुय्यम. त्यानं वर्गवारीसाठी केलेली सोय होती ती. पण नावाचा परिणाम असा, की पुढे कितीतरी वर्षं लोक याला झाडाचा कचरा समजत राहिले. झाडाला मोरी नाही, म्हणून घाण अंगातच साठवतं, असं काहीसं. १९५९ मध्ये गॉटफ्रीड फ्रेंकेल यानं 'सायन्स'मध्ये लेख लिहून ठणकावून सांगितलं की बाबांनो, हा कचरा नाही, ही खाणाऱ्यांविरुद्धची तटबंदी आहे. त्यानंतर तीसेक वर्षांनी मी बीएस्सीला होते, तेव्हाही आमच्या बाई फळ्यावर 'बायप्रॉडक्ट' लिहून पुढच्या धड्याला लागल्या. झाडाला पळता येत नाही, चावता येत नाही, ओरडता येत नाही. तंबाखूचं निकोटिन, मिरचीचा जाळ, कॉफीतलं कॅफीन ही त्याची भांडणाची भाषा आहे. त्याला दुय्यम म्हणणं म्हणजे किल्ल्याच्या तटाला शोभेची भिंत म्हणण्यासारखं आहे.

हे मला कॉलेजात नाही कळलं, घरी कळलं. बाबा पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये होते, फर्मेंटेशनला, म्हणजे टाक्यांत बुरशी वाढवून औषध काढतात त्या खात्यात. १९५४ मध्ये उभी राहिलेली सरकारी कंपनी, देशात पेनिसिलिन तिथं बनायला लागलं. मी कॉलनीतच वाढले. बाबा रात्रपाळी करून आले की त्यांच्या शर्टाला आंबूस, भिजलेल्या मक्यासारखा वास असायचा. पेनिसिलिनच्या बुरशीला जे खाद्य घालतात त्यात मक्याचा अर्क असतो, त्याचा तो वास. आई तो शर्ट वेगळ्या बादलीत भिजवायची.

बाबांनी मला एकदा जेवताना सांगितलेलं अजून लक्षात आहे. बुरशीला पोटभर साखर दिली की ती नुसती माजते, फोफावते, पेनिसिलिन काही देत नाही. म्हणून टाकीत साखर एकदम ओतायची नाही, थेंबाथेंबानं सोडायची. ती अर्धपोटी राहिली पाहिजे. "पोट भरलेला गडी तलवार कशाला उचलेल?" असं म्हणून त्यांनी तिसरी पोळी वाढून घेतली होती. पेनिसिलिन हे बुरशीचं दुय्यम द्रव्य. वाढ मंदावल्यावर, टंचाई आली की अशी द्रव्यं बनायला लागतात, हे पुस्तकात दीड पान घेतं. बाबांनी पोळी-भाजीत उरकलं.

पिंपरीच्या बाबतीत आणखी एक सांगते, कारण हे मराठी माणसालाच माहीत नसतं. तिथल्या प्रयोगशाळेत डॉ. तिरुमलाचार यांच्या गटानं बुरशीवर चालणारं एक औषध शोधलं, हॅमायसिन. त्यातलं 'हॅ' म्हणजे एच. ए., आमची कंपनी. आणि ते ज्या मातीतल्या जंतूपासून मिळालं त्याचं शास्त्रीय नाव स्ट्रेप्टोमायसिस पिंपरिना. पिंपरीचं नाव लॅटिनमध्ये घालून ठेवलंय लोकांनी. आता तिथं मेट्रोचे खांब आहेत.

तर असा हा माणूस. उभं आयुष्य जंतूंनी केलेली विषं गाळण्यात गेलेला. तरी फसला, आणि कशानं फसला, तर दुधीनं.

निवृत्तीनंतर बाबांना भजनाचा नाद लागला. एकतारी स्वतःच करायची असं त्यांनी घेतलं. त्यांचे एक जुने सहकारी मंगळवेढ्याकडचे. तंबोऱ्याचे भोपळे तिकडूनच मिरजेला जातात. त्यांनी बी आणून दिलं. हा भोपळा कडू असतो आणि म्हणूनच वाद्याला घेतात, कीड धरत नाही. गच्चीवर एका कोपऱ्यात पिंपात हा वेल, दुसऱ्या कोपऱ्यात नेहमीचा खायचा दुधी. दोघं एकाच जातीचे, फक्त एक वाद्याचा आणि एक भाजीचा. दुधीची पांढरी फुलं संध्याकाळी उमलतात, रात्री पतंग येतात. पतंग काही पत्रिका बघून बसत नाहीत.

त्या वर्षीचे दुधी अगदी गोड निघाले. हे नीट समजून घ्या, कारण इथंच सगळे चकतात. दुसऱ्याचा पराग पडला तरी त्या फळाचा गर आईवेलाचाच असतो. फरक पडतो तो बियांमध्ये. बाबांनी एक दुधी वेलावरच वाळू दिला, बिया राखेत घोळून डब्यात ठेवल्या आणि पुढच्या वर्षी लावल्या. डब्यावर स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी: 'दुधी, घरचा, उत्तम'.

आता भाऊजी. माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. माणूस वाईट नाही. बागेत सकाळी फिरायला जाणाऱ्यांचं त्यांचं एक मंडळ आहे आणि त्या मंडळात कुणीतरी सांगितलं की रिकाम्या पोटी दुधीचा रस घेतला की हृदयातल्या गाठी विरघळतात. भाऊजींनी ते बाबांपर्यंत आणलं. मी तेव्हा म्हणाले होते, "भाऊजी, रस हवाच असेल तर घ्या, पण आधी चाखून बघत जा." त्यावर ते हसून म्हणाले, "अगं, निसर्गाचं आहे. हे काय तुमच्या कंपनीतलं केमिकल आहे का?" मी एका औषध कंपनीत क्वालिटी कंट्रोलला आहे, त्यामुळे आमच्याकडे कुठल्याही वादात मी आपोआप केमिकलच्या बाजूची असते.

तो मे महिन्याचा तिसरा आठवडा असेल. वेलाला उन्हाचा ताव बसलेला, पाणी कमी. दुधी हातभर, दिसायला देखणा, लव असलेला. भाऊजी आणि ताई मुक्कामाला होते. पावणेसातला मिक्सर लागला. दुधी, पुदिना, आलं, तुळशीची पानं, लिंबू, काळं मीठ. एवढ्या गोष्टी घातल्यावर जिभेला बिचारीला काय कळणार? तरीही कळलं. बाबा पहिल्या घोटाला म्हणाले, "आज जरा कडवट आहे." भाऊजी म्हणाले, "कडू तेच गुणाला." आणि बाबांनी अख्खा ग्लास, औषध घेतात तसं, नाक न धरता रिकामा केला.

सव्वासातला पोटात पीळ. साडेसातला पहिली उलटी, हिरवी. मग जुलाब. मी आठला पोहोचले तेव्हा ते न्हाणीघराच्या उंबऱ्यावर भिंतीला टेकून बसले होते आणि बादलीत जे होतं त्यात तांबड्या रेघा होत्या. हात गार. ताई ओव्याचं पाणी घेऊन उभी. भाऊजी फोनवर कुणालातरी विचारत होते की रसानंतर शुद्धी अशीच होते का.

ओट्यावर उरलेला अर्धा दुधी पडला होता. मी कापलेल्या बाजूला जिभेचं टोक लावलं. फक्त टोक. ते कडूपण कारल्यासारखं नव्हतं. कारलं कडू लागतं आणि जातं. हे आधी काहीच नाही, मग एकदम जिभेच्या मुळाशी, घशात, कानाच्या पाळीमागे कुठेतरी जाऊन बसतं. मी थुंकले, चूळ भरली, गुळाचा खडा तोंडात धरला. दुपारी दवाखान्यातला चहा प्यायले तेव्हाही ते तिथंच होतं. तो दुधी मी पिशवीत घालून बरोबर घेतला, आणि हे एकच काम त्या दिवशी मी शहाणपणाचं केलं.

कारण तिथल्या तरुण डॉक्टरनं 'काहीतरी बाहेरचं खाल्लंय' असं गृहीत धरलं होतं. रक्तदाब ऐंशी-पन्नास. मी दुधी टेबलावर ठेवला आणि काय झालं ते सांगितलं. तो वरिष्ठांना बोलावून घेऊन आला. त्यांनी दुधीकडे बघितलं, बाबांकडे बघितलं आणि विचारलं, "रस घेतला ना? पूर्ण ग्लास?" त्यांनी अशा केसेस आधी पाहिल्या होत्या. दुसऱ्या दिवशी दुर्बीण घातली तेव्हा जठराचं अस्तर लालभडक, जागोजाग सोलवटलेलं, गुडघा डांबरावर घासल्यावर होतो तसं. यावर उतारा असं काही औषध नाही. सलाइन, आम्ल कमी करणारं इंजेक्शन, रक्तदाबावर नजर, आणि वाट बघणं.

यातलं द्रव्य म्हणजे कुकुर्बिटासिन. काकडी, दुधी, दोडका, भोपळा या सगळ्या घराण्याची ही वडिलोपार्जित इस्टेट. रानातली मूळ फळं कडूच होती. माणसानं हजारो वर्षं गोड निघेल त्याचंच बी ठेवत ठेवत फळातला कडूपणा घालवला. पानात तो अजून आहेच. २०१४ मध्येच चिनी शास्त्रज्ञांनी काकडीत हे दाखवून दिलं की पानातला कडूपणा आणि फळातला कडूपणा चालू करणारी बटणं निरनिराळी असतात. आपण फळाचं बटण बंद केलं, पानाचं झाडानं स्वतःकडे ठेवलं. वेलाला उन्हाचा-पाण्याचा ताण पडला किंवा कडू जातीशी संकर झाला की फळाचं बटण पुन्हा चालू होऊ शकतं. आमच्याकडे दोन्ही झालं होतं. तुमची आजी काकडीचं देठाकडचं टोक कापून घासायची ना? घासून फेस काढण्यानं किती फरक पडतो यावर माझा फार विश्वास नाही, पण टोक कापून टाकणं अगदी बरोबर, कडूपणा देठाकडे जास्त असतो. आणि मग ती एक चकती स्वतः खाऊन बघायची. ते खरं क्वालिटी कंट्रोल. आम्ही तेच करतो, फक्त पांढरा कोट घालून.

शिजवलं की जाईल, असंही समजू नका. कडू भोपळा सगळ्या तीर्थांत बुडवून आणला तरी कडूच राहिला ही गोष्ट आपण कीर्तनात ऐकतो, पण ती रसायनशास्त्राच्या दृष्टीनंही चोख आहे. जर्मनीत २०१५ मध्ये घरच्या बागेतली कडू झुकिनी (काकडीसारखा दिसणारा भोपळा) शिजवून खाल्लेला एक वृद्ध माणूस दगावला. आपल्याकडे २०१० मध्ये दिल्लीत एका शास्त्रज्ञाचा दुधीच्या रसानं मृत्यू झाला, त्यानंतर आरोग्य खात्यानं तज्ज्ञांची समिती नेमली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या त्या समितीचा सल्ला चार ओळींचा आहे: रस काढण्याआधी तुकडा चाखा, कडू लागला तर फेकून द्या, दुसऱ्या रसांत मिसळू नका, आणि पिऊन त्रास झाला तर घरी न थांबता दवाखाना गाठा. पुदिना-आलं-लिंबू का घालायचं नाही, ते आता तुम्हाला सांगायला नको.

बाबा घरी आल्यावर वाद सुरू झाला, तो अजून चालू आहे. भाऊजींचं पहिलं म्हणणं, दुधीला इंजेक्शन दिलेलं असणार. मी म्हटलं, भाऊजी, गच्चीवर येऊन इंजेक्शन कोण देणार, कबुतरं? मग म्हणाले, खतामुळे. खत शेणाचं, त्यांनीच आणून दिलेलं. मग म्हणाले, कारलं कडू असतं ते चालतं का तुला? याचं उत्तर देते, कारण मुद्दा वरवर बरोबर वाटतो. कारल्यातली कडू द्रव्यं याच घराण्यातली आहेत, पण भाजीएवढ्या मात्रेत ती आपल्याला झेपतात. कारलं कडूच असायला हवं आणि दुधी कडू असता कामा नये. शेजारचा कुत्रा रोज भुंकतो ते ठीक. आपला कधी न भुंकणारा मध्यरात्री भुंकला तर उठून बघायचं असतं.

आणि भाऊजी आयुर्वेदाचा हवाला देऊ लागले तेव्हा मी आमच्या ओळखीच्या वैद्यबाईंनाच विचारलं. त्या म्हणाल्या, चरकसंहितेच्या कल्पस्थानात कडू भोपळ्यावर स्वतंत्र अध्याय आहे, इक्ष्वाकु नावानं. कशासाठी? वमनासाठी. उलटी करवण्यासाठी! म्हणजे जुन्या लोकांना याचा गुण पक्का ठाऊक होता, आणि तो वैद्याच्या देखरेखीखाली, मोजून, पेशंट निवडून वापरायचा होता. बागेतल्या बाकावरून वाटायचा नव्हता.

मध्यंतरी भाऊजींनी सदाफुलीची पानं चघळायला सुरुवात केली होती, साखर उतरते म्हणून. याचीही गंमत ऐका. १९५० च्या दशकात कॅनडात नोबल आणि बीअर हे दोघं सदाफुलीत मधुमेहाचं औषध शोधत होते. साखर काही उतरली नाही, पण उंदरांच्या पांढऱ्या पेशी धडाधड कमी झाल्या. त्यातून रक्ताच्या कर्करोगावरची औषधं आली, विनब्लास्टिन आणि त्याचं भावंड विनक्रिस्टिन. आज ल्युकेमियाची कितीतरी लहान मुलं यामुळे बरी होतात. पण ती शिरेतून, मिलिग्रॅममध्ये मोजून देतात, आणि ग्रॅमभर द्रव्यासाठी शेकडो किलो वाळलेली पानं लागतात. अंगणातलं पान चावून त्यातलं नेमकं काय आणि किती पोटात गेलं, हे कोण सांगणार?

उपयोगांचं विचारलंत, तर घ्या, अर्धे तर वर आलेच. उरलेल्यांत माझ्या आवडीचं सांगते. सह्याद्रीत नरक्या नावाचं झाड आहे, घाण वासामुळे हे नाव. त्यात कॅम्पटोथेसिन मिळतं, ज्याच्यावरून पुढे टोपोटेकान, इरिनोटेकान ही कर्करोगाची औषधं आली. हे द्रव्य १९६६ मध्ये आधी एका चिनी झाडातून वेगळं केलं ते अमेरिकेत मनरो वॉल आणि मनसुख वाणी यांनी; १९७१ मध्ये टॅक्सॉल या कर्करोगावरच्या आणखी एका औषधाची रचना मांडली तीही याच जोडीनं. हे वाणी नंदुरबारला जन्मलेले. शाळेच्या पुस्तकात त्यांच्यावर धडा का नाही, देव जाणे. आणि नरक्याला औषध सापडल्याची शिक्षा अशी, की सह्याद्रीत त्याची चोरटी तोड सुरू झाली. कुकुर्बिटासिनचाही उपयोग आहे बरं का: अमेरिकेत ज्यांच्या अळ्या मक्याची मुळं खातात त्या भुंग्यांना हे कडूपण इतकं प्रिय, की त्यांना पकडायला-मारायला लोक हेच आमिष म्हणून वापरतात. सगळ्यांना पळवणारं विष त्यांना मिष्टान्न.

परीक्षेसाठी विचारलं असेल तर टर्पिनॉइड, अल्कलॉइड, फिनॉलिक असे तीन गट करून लिहा, मार्क मिळतील. माझ्या लिखाणावर मिळणार नाहीत.

आता राहून गेलेलं. दुधीची भाजी खा, कोफ्ते करा, हलवा करा. बाजारातला दुधी क्वचितच कडू निघतो, घाबरण्यासारखं काही नाही. मी आयुर्वेदाच्या विरोधात नाही, नुसत्या ऐकीव आयुर्वेदाच्या आहे. घरचं बी ठेवत असाल तर शेजारी शोभेचा किंवा वाद्याचा भोपळा लावू नका. बाबांच्या वेलाचा संकर झाला होता हे कुणी प्रयोगशाळेत तपासलेलं नाही, माझा हिशेब आहे, पण दोन वेल आणि एक डबा एवढ्यावर दुसरं उत्तर बसत नाही. आणि वय झालेल्या माणसाला पोटात काही बिनसलं तर ओव्याचं पाणी करत अर्धा तास घालवू नका.

बाबा आता पंचाऐंशीचे आहेत, ठणठणीत. एकतारी झाली, रोज संध्याकाळी वाजते. मागच्या पावसाळ्यात आमच्या देव्हाऱ्याला वाळवी लागली, शेजारीच टांगलेल्या एकतारीला काही नाही.

भाऊजी हे वाचतील, ताई त्यांना लिंक पाठवतेच. तर एक विचारून ठेवते, अकरा वर्षं विचारलेलं नाही. त्या सकाळी मिक्सरमधून दोन ग्लास भरले होते. बाबांचा ग्लास स्वच्छ रिकामा होता. दवाखान्यातून आम्ही रात्री परतलो तेव्हा आईला बेसिनच्या जाळीवर हिरवा चोथा वाळलेला दिसला, बराचसा, जवळजवळ एका ग्लासाचा. आईनं तो पुसून टाकला आणि मला सांगितलं, ताईला नाही. पहिल्या घोटाला तुमच्या जिभेनं तुम्हाला काय सांगितलं होतं, भाऊजी, आणि ते तुम्ही बाबांना का सांगितलं नाहीत?